पुठ्ठ्याचा आडोसा

बोटांना तंबाखूचा वास असतोच आमच्या,
धुतली तरी भाकरीत उतरतो.
शाई लावताना त्या मास्तरणीनं
नाक जरा मुरडलं, मला दिसलं.
काही बोलले नाही.
सकाळी दोनशे पानं कापून आले होते,
बाकीची ओल्या फडक्यात वाट बघत होती.

रांगेत माझ्यापुढं पद्मा येमूल.
तिला उभं राहवत नाही फार वेळ,
मागच्या वर्षीपासून.
तिची चप्पल रांगेत ठेवली
आणि तिला शाळेच्या पायरीवर बसवलं.

मागच्या वर्षी म्हणजे असं:
कोपऱ्यावरच्या महापालिकेच्या दवाखान्यात
ती तीन बुधवार गेली.
"गोळ्या संपल्यात. पुढच्या बुधवारी या."
चौथ्या बुधवारी आल्याही असतील,
तोवर तिला उपयोग नव्हता.
घरात तीन पोरी, माग बंद, नवरा भिवंडीला.
कुणीतरी कुणाचा तरी पत्ता दिला.
रात्री रिक्षात घालून सिव्हिलला नेली मी.
भाडं म्हणजे एका दिवसाच्या बिड्या,
छाट धरून.
सीटवर माझी चादर अंथरली होती.
धुतली. अजून वापरते.

त्याच दवाखान्यात मी तांबी बसवायला गेले होते.
खिडकीला काच नाही, टेबलाला पडदा नाही,
दाराशी बीपीच्या गोळ्यांची रांग.
शिपाई आत आला, फाईल शोधली, गेला.
मी वर बघून पंख्याची पाती मोजत होते.
तीन.
तीनच असतात,
पण मी बराच वेळ मोजत होते.

यंदा गड्डा भरायच्या आधीच
गल्लीत उमेदवारांची जत्रा.
सगळे पाण्यावर बोलले.
बरोबरच आहे, नळ चार दिवसांआड येतो.
मी म्हणलं, दवाखान्याचं काय?
तो माझ्या नवऱ्याकडं बघून हसला,
"बायकांचं बायकांत बघून घेऊ की, अक्का."

नागरबाई म्हेत्रे सगळ्यांत शेवटी आल्या.
रिटायर नर्स. गाडी नाही, भोंगा नाही,
मागं सून, पिशवीत पत्रकं.
उंबऱ्यावर बसल्या, सूप बाजूला सारलं,
वहीत लिहिलं: पडदा. गोळ्या.
बुधवार सोडून अजून एक वार.
म्हणाल्या, पडदा पहिल्या आठवड्यात,
बाकीचं भांडून.
येणार नाहीत निवडून, नवरा म्हणतो.
मलाही तसंच वाटतं.

मशीनवर चार मतं द्यायची असतात.
पांढरं दिलं नवऱ्याच्या शब्दाला,
गुलाबी घरमालकाला,
पिवळं कुणाला, खरं सांगते, आठवत नाही.
चारही झाल्याशिवाय ती शिट्टी देत नाही.
निळ्यावर मी थांबले.

तिन्ही बाजूंनी पुठ्ठा.
साधाच, टीव्हीच्या खोक्याचा असतो तसला,
कोपऱ्यात टाचण्या मारलेल्या.
बाहेर पोलीस, एजंट, मास्तर, अर्धी गल्ली,
आणि आत डोकावायचं नाही
असा कायदा.
सरकारनं मला आडोसा दिला तो
एवढाच, आणि इथं.
टेबलावर निजले होते तेव्हा
एवढा पुठ्ठा मिळाला असता तरी चाललं असतं.

"अहो बाई, झालं का?"
"होतंय."
बोट ठेवलं, दाबलं.
लांब शिट्टी वाजली.
इतकी लांब असते हे ठाऊक नव्हतं,
उगाच पदर सारखा केला.

पद्मा मत देऊन आधीच पायरीवर येऊन बसली होती,
चप्पल पुसत.
कुणाला दिलं ते तिनं विचारलं नाही, मीही नाही.
"निकाल कधी?"
"उद्या."
"उद्या काय वार?"
"शुक्रवार."
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं,
शाईचं बोट धरून की सोडून, कळलं नाही.
"म्हणजे बुधवारला अजून पाच दिवस."

मी तिचा हात धरला, उठवलं.
पानं वाळायच्या आत
घरी पोचायचं होतं.