वाचते का ती

खडतकर भाऊंनी शिक्का मारला आणि म्हणाले,
सिस्टर, हे नाही वाचलं तर काय वाचलं?
धंतोलीतल्या त्या वाचनालयाचा पंखा
माणसं सोडून कपाटाला वारा घालायचा.
पुस्तक नाइटच्या डब्यासोबत पिशवीत टाकलं,
मेडिकलला आले, वॉर्ड तेवीस,
आणि पहाटे तीनला मला राग आला.

नायिका क्षयाने मरते.
सव्वीस पानं मरते.
खिडकीत चांदणं, उशीवर मोकळे केस,
ओठाच्या कोपऱ्यात रक्ताचा एक, एकच, थेंब,
आणि शेवटचं वाक्य एवढं लांब
की तेवढा श्वास माझ्याकडेसुद्धा नव्हता.
मी वॉर्डभर नजर फिरवली.
बेड नऊ थुंकीच्या डब्याचं झाकण शोधत होता.
बेड चौदाला पाणी हवं होतं, मग नको होतं.
चांदण्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

आवडलेल्याही होत्या, नाही असं नाही.
ती जाडी, जिच्यात तीन पिढ्यांत एक शहाणा माणूस नाही,
मे महिन्यात वाचली, कूलरपुढे,
दोनशे बाराव्या पानावर पन्ह्याचा डाग.
त्यातल्या म्हाताऱ्याने विहिरीचं माप चुकवलं
तेव्हा इतकी हसले की बाळ जागं झालं.
ती पुन्हा उघडायची हिंमत होत नाही.
न जाणो, म्हातारा आता हसवणार नाही.

नावडती मात्र चारदा वाचली.
भांडायला.

दुसऱ्यांदा वाचली सुखदेव ठवरेसाठी.
एसटीचा कंडक्टर, काटोलचा, बेड अकरा.
झोप नाही येऊन राह्यली सिस्टर, वाचा ना जी काही.
हाताशी तेवढंच होतं.
चांदणं आलं की मी परिच्छेद गाळायची.
त्याला कळायचं. मधात काही सुटलं का जी?
तिकिटांचा हिशेब ठेवलेला माणूस.
तिची वेणी त्याला आवडली, तिचा हट्ट आवडला,
तिच्या भावाला तो रोज शिव्या घालायचा.
मग एका रात्री विचारलं, वाचते का ती?

मी म्हटलं, वाचते.
चष्मा पुसला, आणि पुस्तकात बघत
ती सव्वीस पानं मनाने सांगितली:
ताप उतरला, वजन दीड किलो वाढलं,
अठरा महिने गोळ्या, एकही दिवस न चुकता,
मग टांग्याने कामठीला माहेरी, मग शाळेत नोकरी,
वरणात मीठ कमी म्हणून वहिनीशी भांडण.
भिकार शेवट, मला कळत होतं.
ठवरे म्हणाला, असंच पायजे.

सुट्टी झाली तेव्हा पुस्तक त्याच्या वळकटीत गेलं,
चुकून की कसं, माहीत नाही.
दंड, अकरा रुपये.
खडतकर भाऊंनी पावती फाडता फाडता विचारलं, कशी वाटली?
म्हटलं, फालतू.
आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

रिटायर झाल्यावर एका रविवारी
सीताबर्डीच्या फुटपाथवर सापडली, तीस रुपयांत.
तिथेच उभ्याने शेवट वाचला.
चांदणं होतं. केस होते. थेंब होता.
आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं
की ठवरेनेही घरी जाऊन वाचला असेल.
सावकाश, पानापानाला बोट लावून.
मी किती गाळलं, किती जोडलं,
सगळा हिशेब लागला असेल त्याला.

आता उशाशी आहे, चौथी खेप.
त्या लांब वाक्यात मधेच थांबते, दम लागतो.
आवडली नाही. परत सांगते,
आवडली नाही.