करंगळी

फैजपुरात, शाळेच्या मागे, टेम्पोच्या हौद्यात
स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर बसून
मी बोटं मोडतोय.
हळदीचा कार्यक्रम साडेआठला. आता सात-दहा.

जानेवारी सरत आला तरी गारठा हटत नाही.
केळीवर चरका पडलाय, पानं कडेनं पिवळी,
आणि माझ्या हाताला सकाळच्या दोनशे घडांचा चीक.
रॉकेल लावून झालं, राख, लिंबू.
नखांच्या मुळाशी तो काळाच.
तारेवरून बोट सरकवलं की किंचित अडतं,
जणू तारही एखादं झाडच आहे,
आत्ताच कापलेलं.

रुबाबभाऊ तडवी,
भुसावळच्या लोको शेडात बत्तीस वर्षं फिटर,
रात्री ऑर्केस्ट्रात बेस,
म्हणायचे : “थंड्या इंजिनाले डबे नको लाऊ भो.
पयले त्याले नुसतं गुरगुरू दे.”
महिनाभर त्यांनी मला एकही गाणं दिलं नाही.
एक, दोन, तीन, चार.
एका घरात एक बोट. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत,
मग परत.
अ‍ॅम्पला वायर न लावता.

तेच करतोय.
लाकडावर हनुवटी टेकवली
की सूर कानातून येत नाही, दाढेतून येतो.

तर्जनी हजर. तिला सवयच आहे पुढे होण्याची,
दुसऱ्याच्या चुका दाखवत फिरण्याची.
मधलं बोट उंच, म्हणून जरा तोऱ्यात.
अनामिका त्याला विचारल्याशिवाय उठत नाही.
आणि करंगळी.

करंगळीनं आजवर केलं काय?
चौथीच्या वर्गात वर झाली, गुर्जी, जाऊ का?
रमजानशी कट्टी केली, ती अजून सुटली नाही.
घड कापताना विळ्याच्या मुठीवर
पाव्हण्यासारखी टेकलेली.
डोंगर उचलला म्हणतात एकदा हिनं,
पण ती देवाची होती.
माझी चौथ्या घरात पोचता पोचता थरथरते
आणि तारेतून नुसतं फुस्स.

हळू करतो. आणखी हळू.

तिकडे मांडवात निंबाचा नवा कीबोर्ड लागतोय.
त्यात बेसचं बटण आहे. डाव्या हाताचं एक बोट पुरतं.
मालक परवा चहा पाजताना म्हणाले,
“तुझं काय ते बघू, होळीनंतर.”
चहा दोन वेळा पाजला. तेव्हाच कळलं.

एक, दोन, तीन.

टेम्पोच्या फळीला लटकून एक पोरगी बघतेय,
लग्नघरचीच असावी, गालाला हळद.
“काका, आवाज कुठेय?”
तिचा हात धरून लाकडावर ठेवतो,
सगळ्यात जाड तार मोकळी सोडतो.
ती हात झटकते. “मुंग्या आल्या!”
मग स्वतःच पुन्हा ठेवते.

हिला वाजवून दाखवायचं म्हणून
की उगीचच, ठाऊक नाही,
करंगळी चौथ्या घरात पडते, पडते ती टिकते,
आणि एक गोल, भरलेला सूर
हौद्याच्या पत्र्यातून चाकांपर्यंत जातो.
मलाच वळून बघावंसं वाटतं कोणी वाजवला.

“ए भो, चल ना, साउंड चेक!” निंबा ओरडतो.

येतो म्हणतो. वायर उचलतो, परत ठेवतो.
सात-चाळीस.
टोकाला अजून गार आहे ती.
पुन्हा एकदा, जाड तारेपासून.