वाजते का?

तिसरी पाळी सुटते सकाळी साडेसातला.
अंबडहून पाथर्डी फाट्यापर्यंत
प्रेस शॉप माझ्याबरोबर येतो,
हेल्मेटखाली बिऱ्हाड करून.
घरी पडदे ओढायचे,
खाली उशी, वर उशी, मध्ये मी.
तेवढ्यात पांडवलेण्यांवरून वारा उतरतो
आणि पलीकडच्या अंगणात
सहा नळ्या एकमेकींना हाका मारू लागतात.

आधी एकच झुंबर होतं. पितळेचं, तुळशीशेजारी.
मग पेरूच्या फांदीला बांबूचं आलं,
संक्रांतीनंतर शिंपल्यांचं,
आणि कुंपणावर एक पत्र्याचा मोर,
ज्याचा पिसारा वारा असला की फिरतो
आणि नसला तरी कुरकुरतो.

कोठावदे मावशी
वाईट नाहीत, हीच पंचाईत.
कोथिंबीर जास्त उगवली
की एक जुडी आमच्या फाटकात खोचलेली.
सटाण्याहून डाळिंबं आली
की त्यातली मोठी आमची.
अशा बाईला कसं सांगायचं,
तुमच्या दारची शोभा माझी झोप खाते?

मी वाक्यं कानशीनं घासून पाहिली.
"मावशी, जरा ते..." इथं धार राहिली.
"वारा फार सुटलाय हल्ली." हे फारच गोल.
ज्योत्स्ना म्हणाली, सोसायटीला अर्ज दे.
दिला असता. 'महोदय'पर्यंत पोचलोही,
मग टेबलावरच्या डाळिंबाकडे बघून
पेनाला टोपण लावलं.

एका दुपारी मात्र उठलोच.
बनियनवर, डोळे लाल,
एक चप्पल माझी, एक ज्योत्स्नाची.
मावशी खुर्चीवर चढून
आणखी एक टांगत होत्या.
काचेचं.
"मावशी," मी म्हणालो. वळल्या नाहीत.
"मावशी!" मोर कुरकुरला. वळल्या नाहीत.
माझी सावली भिंतीवर पडली तेव्हा वळल्या,
हसल्या, वरूनच म्हणाल्या:
"बरं झालं आलास. हे तरी वाजतं का बघ.
आधीची तिन्ही बिघडलेलीच निघाली.
म्हातारी बघून फसवतो रे दुकानदार."

वारा होता.
सगळी वाजत होती.

माझी घासलेली वाक्यं
बनियनला नसलेल्या खिशात राहिली.
मी जवळ गेलो,
ओठ दिसतील असं, सावकाश म्हणालो,
"वाजतात, मावशी. सगळी. खूप."

त्यांनी आधी नळ्यांकडे पाहिलं,
मग माझ्या डोळ्यांकडे.
बराच वेळ.
"आणि तू दिवसा झोपतोस," त्या म्हणाल्या.

चहा झाला. साखर दोनदा पडली होती.
मग स्वेटरच्या उरलेल्या लोकरीनं
आम्ही एकेका लोलकाला मोजे घातले,
मोराच्या कण्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं.
"हलतात ना, तेवढं पुरे.
वारा आला, एवढं मला दिसलं म्हणजे झालं."

निघताना फाटकाशी थांबवलं,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत:
"तुझी बुलेट मात्र येते मला ऐकू.
कानानं नाही. रात्री तू निघालास
की पलंगाच्या पायातून येते.
फळीवरच्या बशा थरथरतात.
तीन वर्षं झाली, म्हणेन म्हणेन म्हणते..."

आता रात्री अकराला
मी बुलेट ढकलत नेतो
कोपऱ्यावरच्या बंद रसवंतीपर्यंत.
जड आहे. डिसेंबरात हॅंडल चावतं.
कुत्री ओळखीनं उठतात, परत झोपतात.

परवा मावशींनी विचारलं,
"आवाज कसा रे असतो, पितळेचा?"
मी विचार केला.
म्हटलं, धुतलेल्या दोन वाट्या
कुणी झोपलेलं असताना
एकीत एक ठेवाव्यात, तसा.
"मग बरा आहे की."
बरा आहे, मी म्हणालो.
शनिवारी.
शनिवारी कंपनीला सुट्टी असते.