भांड्यावरची तारीख

कारंज्याहून आलेल्या पोरानं वायर ओढली
निंबाच्या फांदीवरून, न्हाणीच्या कवेलूंवरून,
आणि पांढरा डबा ठोकला देव्हाऱ्याच्या बाजूला.
"काकू, एक ते आठ आकडे. भुलाचं कामच नाई."
चहा न घेताच गेला. अजून चार घरं होती त्याची.
चारही घरी एक ते आठ.

पहिल्या आठवड्यात आमच्या ओट्यावर
जेवढे पोट्टे बसले
तेवढे पोरीच्या बारशालाही नव्हते.
बरं वाटायचं मला.
कुणी विरजण मागतं, कुणी वाटीभर तेल,
हे तर दिसतही नाही,
देऊन कमी काय होतं?

भुईमूग निघायच्या दिवसांत वाशीमहून फोन आला.
साताऱ्याकडच्या कोण्या मास्तरीणबाईचे
पेन्शनीतले एकोणचाळीस हजार गेले होते,
आणि ज्या वाटेनं गेले ती वाट
आमच्या देव्हाऱ्याजवळून निघत होती.

साहेब भला होता. पाणी विचारलं.
मी म्हटलं, आमच्याकडं चोरी झाली नाही हो.
तो म्हणाला, बाई, तुमच्या घरात नाही झाली,
तुमच्या घरातून झाली.
येताना एसटीत तेच वाक्य
तिकिटासारखं मुठीत धरून बसले.

अकोल्याहून भाचा, हर्षल, रात्री दहापर्यंत फोनवर:
मावशे, डब्याच्या आतलं कुलूप वेगळं, बाहेरचं वेगळं,
दोन्ही बदल.
ते बटन दाबून जोडायचं, ते बंदच कर.
आडनाव काढ त्या नावातून,
दारावर पाटी लावल्यावानी काय ठेवलं 'ढोकणे घर'?
अन् शब्द ठेव लांबलचक,
गावात कोणालेच माईत नाई असा.

इथं अडलं.

गायीचं नाव? ती हरवली तेव्हा
अख्ख्या गावानं हाका मारल्या होत्या.
पोरीचं? शाळेच्या भिंतीवर रंगवलंय, दहावीत पहिली.
माहेर तर माझं नावच झालंय इथं, दिग्रसवाली.
लग्नाची तारीख?
ती गंगाळावर, परातीवर, बारा गिलासांवर कोरलेली,
आणि गावात कुठंही पंगत असली
की आमचीच भांडी जातात.
पित्ताची गोळी मी किती वाजता घेते
तेसुद्धा समोरची शांताबाई सांगेल.
शेहेचाळीस वर्षं जगले
आणि कुलपात घालण्यासारखं काही निघेना.

डबा लुकलुकत होता. हिरवा, हिरवा, मग नारिंगी.
पेव उघडल्यावर आधी वाफ जाऊ देतात,
लगेच कुणी उतरत नाही.
तशी थांबले थोडी. मग उतरले.

तळाशी एक शब्द होता.
एकोणीस वर्षांची असताना,
दारव्ह्याच्या स्टँडवर गाडी चुकली त्या दुपारी,
स्वतःशीच म्हटलेला.
कुणाला सांगायचं राहून गेलं होतं,
किंवा राहू दिलं होतं.
तोच टाकला. मधे दोन आकडे, एक चांदणी.

पोट्ट्यांचं मी तोडलं नाही.
त्यांच्यासाठी दुसरी वाट काढली, पाव्हण्यांची.
तिचा शब्द दर बाजाराला नवा,
पण मागायला आत यावं लागतं,
वहीत नाव लिहावं लागतं.
सगळे आले. दोघं आले नाहीत.
ते दोघं रस्त्यात भेटतात, मीच वाट सोडते,
मग वाटतं, मी कशाला सोडायची?

यांनी विचारलं, "काय ठेवलं व?"
"ठेवलं."
"मले तरी सांग."
सांगणारच होते. जीभ उचलली नाही.
सव्वीस वर्षांच्या संसारात
चार खोल्या, एक कपाट, एक पासबुक,
सगळ्यांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला.

रागावले नाहीत. एक दिवस गेला, दुसरा गेला.
तिसऱ्या रात्री फोन माझ्यापुढं सरकवला
आणि मी अक्षरं दाबेपर्यंत
भिंतीकडं पाहत राहिले,
जिथं कॅलेंडर नव्हतं, पाल नव्हती,
काहीच नव्हतं.