एक भोक कमी

साक्षीदार क्रमांक चार. नाव सांगा.
यादगिरी राजमल्लू कोडम.
वय एकाहत्तर. राहणार दत्त नगर.
धंदा?
इथं मी अडखळलो.
जेकार्डची कार्डं पाडायचो, साहेब.
आता काँप्युटर मोर काढतो,
मी नातवाला शाळेत सोडतो.
लिहा, धंदा नाही.

समोर दोन वकील, त्यांच्या मागे दोन भाऊ,
मध्ये टेबलावर पसरलेली एक चादर,
लाल-काळी, कोपऱ्यात 'जोडमोर'.
मल्लेशम शेठ गेले त्याला तीन वर्षं झाली.
अठ्ठेचाळीस माग होते, चोवीस-चोवीस झाले.
साखर पेठेतल्या घरात मधोमध भिंत आली,
तिच्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी धाकट्याकडे
आणि धूर थोरल्याकडे.
वरलक्ष्मीनं हक्कसोडावर सही केली,
तिला एक पैठणी, चार तोळे,
आणि 'माहेर तुझंच आहे' असं तोंडी.
राहिले मोर.

थोरला म्हणतो, नायनांनी दवाखान्यात
हातात हात देऊन छाप मला दिली.
धाकट्याकडे हात नाही, कागद आहे,
मुंबईत नोंदवलेला, स्वतःच्या एकट्याच्या नावानं.
साहेब मागच्या तारखेला हसून म्हणाले होते,
दोन मोर आहेत, एकेक घ्या.
कुणी हसलं नाही.
एकटा मोर चादरीवर काय करील? तो गावभर आहे.

वकील म्हणाले, बाजारात नकली माल फार,
अस्सल जोडमोर कसा ओळखायचा?
मी म्हणालो, डाव्या मोराला डोळा नाही.

कोर्ट वाकलं.
साहेबांनी चष्मा कपाळावर घेतला.
थोरला वाकला, धाकटा वाकला,
दोघांची डोकी आपटता आपटता राहिली,
लहानपणी एका ताटावर आपटायची तशी.
दोन्ही वकील एकदम उठले,
नोंद घ्यावी, हेच आमच्या चिन्हाचं वैशिष्ट्य!

वैशिष्ट्य.
मला कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही,
एक्क्याऐंशी साली, दुसऱ्या पाळीत,
मी पेंगत होतो.
एवढ्या चळतीत एका कार्डाला एक भोक कमी पडलं,
सुई अडली, दोरा वर आला नाही,
आणि साठ चादरी आंधळ्या निघाल्या.
शेठनी कापडावर अंगठा फिरवला,
बोलले काही नाहीत.
शनिवारी पगारात अकरा रुपये कमी.
पुढच्या महिन्यात लातूरचा व्यापारी आला,
म्हणाला, ती आंधळ्या मोराचीच द्या,
गिऱ्हाईक बोटानं चाचपून मागतंय.
मी नवं कार्ड पाडायला घेतलं होतं.
शेठ म्हणाले, राहू दे बे.
तेवढंच. अकरा रुपये
राहिले ते राहिलेच.

आता त्या भोकाची किंमत
फिर्यादीत चाळीस लाख लावलीय.
जे पाडलंच नाही त्या भोकाची.

बाहेर जिन्यावर वरलक्ष्मी भेटली.
चार वर्षांची असताना मागाखाली बसून
तिनंच पहिल्यांदा विचारलं होतं,
काका, ह्याला दिसत नाही?
आज म्हणाली, तुम्ही खरंच विसरला होता का
की मुद्दाम?
झोप लागली होती, अक्का.
ती हसली. म्हणाली, मलापण.
सही केली तेव्हा.

पुढची तारीख पडली.
शिपाई चादर कशीतरी गुंडाळायला लागला,
मला बघवेना.
त्याच्या हातातून घेतली,
काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा,
अशी घडी घातली की दोन्ही मोर आत गेले,
चोचीला चोच लागली,
आणि उजव्याचा डोळा
बरोब्बर डाव्याच्या रिकाम्या जागेवर बसला.

शिपायानं वरून नंबराची चिठ्ठी चिकटवली.
मी भत्त्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.