सातवं घर

आधी मीठ.
तेर खोरेननं ते मुठीत धरून आशीर्वाद पुटपुटला,
मग मूठ उघडली कोकराच्या तोंडापाशी.
त्यानं चाटलं खरखरीत जिभेनं,
कुणी खाऊ दिल्यासारखं.

देबेदच्या दरीकाठी आमच्याकडे
याला मताघ म्हणतात.
मांस नुसत्या मिठापाण्यात शिजवायचं,
कांदा नाही, मिरी नाही,
सात घरी वाटायचं,
उद्यासाठी उरवायचं नाही.

ह्रायरला जाऊन पाच वर्षं झाली होती,
मखितारला तुरुंगातून परतून एक महिना.
दगडांनी भरलेला ट्रक, उताराचं वळण,
पोटात तुतीची दारू.
त्याच्या आणि आमच्या घरामधे एक जर्दाळूचं झाड.
तेव्हापासून आम्ही पाण्याला
लांबच्या वाटेनं जायचो.

आदल्या संध्याकाळी आईनं विचारलं होतं,
'देवानं आपला मुलगा दिला म्हणता, तेर खोरेन.
त्याच्या आईला विचारलं होतं का कुणी?'
तो बोटांवरचं मेण खरवडत राहिला.
किती वेळ.
मग म्हणाला, 'ते लिहिलेलं नाही, शोघाकात.
ती क्रुसापाशी उभी होती,
एवढंच लिहिलंय.'

सहा घरं मी धावत केली.
म्हातारी सातेनिक, शाळेतले मास्तर, लोहार,
वरच्या आळीतली तीन.
सातवा वाडगा आईनं स्वतः उचलला.
झाडाकडे वळली तेव्हा मला कळलं.

'माफ केलंस त्याला?'
'मला काय विचारतेस?
पायांना विचार. तेच निघालेत.'

मला वाटत होतं, बळी सकाळीच देऊन झाला.
त्या चाळीस पावलांत
तो अजून चालला होता.

मखितारनं दार उघडलं. पायात नुसते मोजे.
वाफ पाहिली, आईला पाहिलं,
आणि हात पाठीमागे नेले,
चोरी सापडल्यासारखे.

'धर,' आई म्हणाली.
'गरम आहे. हात भाजतायत माझे.'

त्यानं धरला.
बस, एवढंच. कुणी रडलं नाही,
कुणी कुणाच्या पाया पडलं नाही.
परतताना आई झाडाखाली थांबली,
चपलेतला खडा काढला
आणि घरी येऊन पातेलं घासायला बसली.

पानगळीत एका पहाटे
उंबऱ्यावर तो वाडगा होता,
अक्रोडांनी भरलेला.
भांडं रिकामं परत करू नये,
हे त्याच्याही आईनं शिकवलं असणार.

आईनं ते खाल्ले नाहीत. फेकलेही नाहीत.
खिडकीत ठेवले. बर्फ आलं,
त्यांच्यावर धूळ बसली.
मी एकदा हात लावला तर म्हणाली, 'राहू दे.'

उपासाचा काळ संपून
ईस्टर झाल्यावर कधीतरी,
रात्री मला जाग आली.
स्वयंपाकघरात दिवा होता,
आणि बत्त्याचा आवाज.
एक टवका.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.