परकी चूल

गंगावेशीत रात्रीचे साडेनऊ.
हिंदुराव धार काढतोय, मी ग्लास धरून उभी.
सकाळी त्याच्या दंडातून घेतलेलं रक्त
अजून सागरमाळच्या लॅबमध्ये, नळीत.

"काय हुडकतीस त्यात?"

एक पेशी, म्हटलं. तिच्या बहिणी
प्रथिनांचे तुकडे वाचतात, ओळखपत्र तपासावं तसं.
ही वाचत नाही.
जंतू आपल्यापुरतं बी-टू जीवनसत्त्व रांधतात,
त्यातलं अर्धंकच्चं थोडं सांडतं.
तेवढं ताटलीत दिसलं
की ही उठते.
आपल्या अंगात ती चूलच नाही, हिंदुराव.
वास आला, म्हणजे
परकं कुणीतरी आत रांधतंय.

"आणि ताटली?"
तुझी, माझी, जवळजवळ एकच.

त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली.
"परवा माझ्या माघारी हिची धार कुणी काढली,
नुसत्या फेसावरनं सांगिटलं मी.
तोंड कशाला बघाय लागतंय?"

मी ग्लास ओठाला लावला.
दुधातही तेच जीवनसत्त्व,
पण पुरतं शिजलेलं.
त्याच्यासाठी ती मान वर करत नाही.

सुटे देऊ लागले तर म्हणाला,
ऱ्हाऊ दे. रक्ताचं काय झालं
ते तेवढं सांग.